लॉकडाऊन जरा जास्तच झाला का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात विट्याच्या एका वाचकानं दोन ओळींचा प्रश्न पाठवला होता, "ताई, कोरोनाच्या वेळी जे सगळं बंद केलं ते गरजेपुरतं होतं का गरजेपेक्षा जास्त?" आपण तो तसाच छापला आणि तुमची मतं मागवली. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप, सगळीकडनं एवढं आलंय की सगळं छापायचं तर अख्खा अंक पुरणार नाही. त्यातली सात इथं घेतेय. त्या काळात सांगलीत पत्रकार म्हणून मी रोज बाहेर होते, त्यामुळं काही गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या आहेत, काही नंतर आदेश आणि निकाल वाचून कळल्या.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढं गोल गोल बोलायला नको. मार्च २०२० मध्ये काही आठवडे थांबणं बरोबर होतं. ज्या पद्धतीनं थांबवलं ते बरोबर नव्हतं. आणि नंतरच्या दीड-पावणेदोन वर्षात जे बंद ठेवलं त्यातलं बरंच, त्यातही लहान पोरांच्या शाळा, ह्याला कुठलंच कारण पुरत नाही.

प्रश्न : ताई, मारुती रोडला माझं कापडाचं दुकान आहे. २०१९ ला पुराचं पाणी आत आलं, माळ्यावर टाकलेला माल पण वाचला नाही. २०२० ला उसनवारी करून लग्नसराईचा माल भरला तर लॉकडाऊन. २०२१ ला एप्रिलपासून परत बंद आणि जुलैमध्ये परत पाणी. पुराला कोण काय करणार, पण बंद तर माणसांनीच केलं ना? शेजारच्या किराणावाल्याकडं झुंबड उडालेली चालते आणि माझ्याकडं तासाला दोन गिऱ्हाईकं आली तर मला दंड. ह्यात कुठलं शास्त्र होतं ते एकदा सांगा.
(एक कापड दुकानदार, सांगली)

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे लॉकडाऊन आहेत आणि ते वेगळेच तोलायला पाहिजेत, कारण पहिल्याच्या वेळी कुणालाच काही माहिती नव्हतं आणि दुसऱ्याच्या वेळी वर्षभराचा अनुभव गाठीला होता.

२४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता घोषणा झाली तेव्हा देशात पाचशेच्या आसपास केसेस होत्या. इटलीतली हॉस्पिटलं भरून वाहत होती, आपल्याकडचे स्वॅब तपासायला पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, जायचे, पीपीई किट म्हणजे काय हे निम्म्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. अशा वेळी तीन आठवडे थांबूया म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पण रात्री ८ ला सांगायचं आणि १२ ला लागू करायचं, चार तासात १३० कोटी माणसांनी काय करायचं? ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळावर अडकले, राज्यभरात लाखाहून जास्त होते ते, बहुतेक बीड आणि नगरकडचे, आणि त्यांना घरी जायची परवानगी मिळाली ती एप्रिलच्या मध्याला. तोवर पालावर, पोराबाळांसकट, बैलांसकट. मुंबई-पुण्यातनं चालत निघालेले तुम्ही हायवेवर बघितलेच असतील. ८ मे ला औरंगाबादजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. दोन दिवस आधी सांगून, गाड्या सोडून बंद केलं असतं तर रोग थोडा पसरला असता हे मान्य, पण नंतर मे महिन्यात तीच माणसं मुंबईतनं रोग घेऊन गावाकडं आलीच की, मग मिळवलं काय?

दुसरी गोष्ट, सगळ्या देशाला एकच माप. ऑक्सफर्ड विद्यापीठानं निर्बंध किती कडक आहेत ह्याचा एक निर्देशांक काढला होता, शंभरपैकी. त्या दिवसांत भारताला शंभरपैकी शंभर होते. म्हणजे धारावीला जो नियम तोच जत तालुक्यातल्या शेवटच्या वाडीला, जिथं एकही पेशंट नाही आणि दोन घरांमध्ये अर्धा किलोमीटर अंतर आहे.

आणि आपल्याच जिल्ह्यात ह्याच्या उलट कसं करता येतं ते दिसलं होतं. इस्लामपूरला सौदीहून आलेल्या एका कुटुंबातले चौघं २३ मार्चला पॉझिटिव्ह आले, मग नातेवाईक धरून आकडा पंचवीसच्या आसपास गेला, टीव्हीवर रोज इस्लामपूर इस्लामपूर. तिथं काय केलं तर आजूबाजूचा एक किलोमीटरचा भाग पूर्ण सील, कोण कुणाला भेटलं त्याची यादी, यादीतला माणूस न माणूस शोधून वेगळा ठेवला, तपासला, घरोघरी जाऊन ताप-खोकला विचारला, दूध-किराणा घरपोच. त्या गल्लीतल्या लोकांना फार जाच झाला, एका समाजाच्या नावानं जे बोललं गेलं ते तर वाईटच होतं, पण साखळी तुटली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेले. कडक पण छोट्या जागेत, थोड्या दिवसांसाठी, आणि कशासाठी ते प्रत्येकाला माहीत. असं बंद मी दहा वेळा मान्य करीन.

आता २०२१ चं. १४ एप्रिलला 'ब्रेक द चेन' चालू झालं, २० तारखेपासून किराणा, भाजी वगैरे दुकानं फक्त सकाळी ७ ते ११. ह्या नियमाचा तर मला तेव्हाही राग यायचा. दिवसभराची गर्दी चार तासात कोंबली. गणपती पेठेत साडेदहाला जी झुंबड असायची ती बघून कुणीही सांगितलं असतं की ह्यानं रोग वाढेल का कमी होईल. हा विषाणू बंद जागेत, हवेतनं, जवळ जवळ असलेल्या माणसांत पसरतो हे तोपर्यंत कळलं होतं, म्हणजे दुकानाची वेळ वाढवून आत किती माणसं घ्यायची ह्यावर बंधन घालायला हवं होतं आणि तुमचं दार उघडं, पंखा चालू, तासाला दोन गिऱ्हाईकं असलेलं दुकान हे त्या किराण्यापेक्षा सुरक्षित होतं. 'जीवनावश्यक' आणि 'बिगर जीवनावश्यक' ही विभागणी माल बघून केली, धोका बघून केलीच नाही.

जून २०२१ मध्ये पाच लेव्हलची पद्धत आली, पॉझिटिव्हिटी (शंभर तपासण्यांत किती पॉझिटिव्ह) किती आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत ह्यावर जिल्ह्याची लेव्हल ठरायची. ही कल्पना चांगली होती, निदान आकडा माहीत, कधी सुटणार माहीत. पण जिल्हा एकच धरल्यामुळं शिराळ्यात केसेस वाढल्या तरी दंड तुम्हाला, आणि २ ऑगस्टला राज्यानं बहुतेक जिल्हे मोकळे केले तेव्हा जे ११ जिल्हे तसेच अडकवून ठेवले त्यात सांगली पण होती, सातारा पण. तोपर्यंत तर तुमच्या दुकानातला चिखलही पुरता वाळला नव्हता.

आणि भरपाईचं कुणी बोलतच नाही. तुमचं दुकान सगळ्यांच्या जिवासाठी बंद ठेवलं ना, मग त्याचा भार सगळ्यांनी उचलायचा. ब्रिटननं घरी बसवलेल्या कामगारांना ८० टक्के पगार सरकारी तिजोरीतनं दिला. तेवढे पैसे आपल्याकडं नव्हते हे खरं, पण एप्रिल २०२१ मध्ये राज्यानं जे साडेपाच हजार कोटींच्या घरातलं पॅकेज सांगितलं त्यात नोंदणी असलेले फेरीवाले, रिक्षावाले, बांधकाम मजूर ह्यांना दीड-दीड हजार होते, तुमच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या पोरींना काय होतं? काही नाही. त्यांची नोंद कुठल्याच यादीत नव्हती. बंदचा फायदा सगळ्यांना आणि खर्च फक्त त्या पोरींना, असं असलं की तो बंद गरजेपेक्षा जास्तच म्हणायचा, मग रोगाचे आकडे काहीही असू देत.

प्रश्न : मी मिरजेत नर्स आहे. लॉकडाऊन उगाच केला म्हणणाऱ्यांना एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्या वॉर्डात एक रात्र आणून बसवायला पाहिजे होतं. बेड नाही म्हणून गेटवर रिक्षातच माणूस गेलेला बघितलाय. बाहेर सगळं चालू असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार करा आणि मग लिहा.
(एक सिस्टर, मिरज)

उत्तर : सिस्टर, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. ऑक्सिजनचा काटा खाली यायला लागला की कॉरिडॉरमध्ये सगळे एकमेकांकडं कसे बघायचे, नातेवाईक रेमडेसिविरची चिठ्ठी हातात घेऊन मिरज-सांगली-कोल्हापूर कसे पळायचे ते मी पण बघितलंय. एप्रिल २०२१ मध्ये गर्दी थांबवणं गरजेचंच होतं, त्यात मला शंका नाही. पंचवीस माणसांत दोन तासात लग्न उरका हा नियम कुणाला आवडला नसेल पण तो बरोबर होता.

पण तुमच्याच वॉर्डातनं एक प्रश्न विचारते. पहिल्या लॉकडाऊनचा सगळ्यात मोठा युक्तिवाद होता की आपण वेळ विकत घेतोय, हॉस्पिटलं तयार करायला. काही ठिकाणी तो वेळ खरंच कामी आला, मिरजेत टेस्टिंग लॅब सुरू झाली, रिपोर्टसाठी पुण्याकडं डोळे लावून बसणं थांबलं. पण ऑक्सिजनचं काय झालं बघा. देशभरातल्या सरकारी हॉस्पिटलांत हवेतनं ऑक्सिजन काढणारे १६२ प्लांट बसवायचं ठरलं, त्याचं टेंडर निघालं ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे लॉकडाऊन लागून सात महिने झाल्यावर, आणि १८ एप्रिल २०२१ ला केंद्राच्या आरोग्य खात्यानंच सांगितलं की त्यातले ३३ बसलेत. १६२ पैकी ३३. तुमच्या गेटवर रिक्षात गेलेल्या माणसाचा हिशोब हितं लागतो. लोकांनी धंदा, पगार, शाळा, आईबापाचं शेवटचं दर्शन, सगळं देऊन वेळ विकत घेतला आणि तो कपाटात पडून राहिला. लॉकडाऊनवर मी बोलते ते तुमच्या विरोधात म्हणून नाही सिस्टर. ज्यांच्या नावानं लोकांना घरात बसवलं, त्या तुम्हा लोकांच्या हातात त्या बदल्यात काय दिलं, हे मला विचारायचंय.

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. मार्च २०२० ला माल तयार, व्यापाऱ्यानं बाग बघून दर ठरवून विसार दिलेला, आणि लॉकडाऊन लागल्यावर त्याचा फोन बंद. शेतीला सूट होती म्हणतात, मग आमचा माल का गेला नाही?
(एक बागायतदार)

उत्तर : काका, सूट होती पण आधी नव्हती. २४ मार्चच्या पहिल्या आदेशात शेतातली कामं, बाजार समित्या, काढणी ह्यांचा उल्लेखच नव्हता, ती सूट २७ मार्चच्या दुरुस्तीत आली. तीन दिवस म्हणजे काही फार नाही असं ऑफिसात बसलेल्याला वाटतं, पण घड वेलीवर तयार असताना, वर आभाळ भरून येतंय आणि एक अवकाळीची सर आली की मणी तडकणार, तेव्हा तीन दिवस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आणि कागदावर सूट आली तरी गाडीवाला नाक्यावर मार खायला तयार नव्हता, काढणीचे मजूर निघून गेलेले, पॅकिंगचे बॉक्स बनवणारा कारखाना बंद, दिल्ली-कोलकात्याची मंडई बंद. शेती एकटी चालत नाही, तिच्या मागं पन्नास धंदे चालतात, आणि आदेश लिहिणाऱ्यानं फक्त शेतकरी आणि शेत एवढंच डोळ्यासमोर आणलं.

तुमच्याकडच्या कितीतरी जणांनी मग तो खायचा माल बेदाण्याला टाकला. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर एका थरात पसरायची, दोनेक आठवडे वारा लागू द्यायचा, चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा पडतो. पण शेड काय एका दिवसात उभी राहतात का? सगळ्यांनी एकदमच टाकायचं म्हटल्यावर रॅक मिळेना, ऑइल मिळेना, बेदाणा झाला तरी त्याचा सौदा बंद. ज्याची स्वतःची शेड तो थोडा वाचला, बाकीच्यांनी घड तोडून बांधावर ओतले कारण पुढं खरड छाटणी गाठायची होती, बाग तर मोकळी करायलाच लागते.

तुमच्या बागेतनं कोरोना पसरणार होता का? उघड्या रानात, वाऱ्यात, पाच-सात माणसं. ती कामं एक दिवससुद्धा थांबवायची गरज नव्हती, आणि विसार देऊन फोन बंद केलेल्या व्यापाऱ्याला पण एका बाजूनं बोलता येत नाही, त्याची पण गाडी कुठंतरी अडकलेली होती.

प्रश्न : मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. मे २०२० मध्ये मुंबईकर आले तेव्हा आमची शाळाच क्वारंटाइन सेंटर झाली, माझी ड्युटी तिथंच. नंतर ऑनलाइन शिकवा असा आदेश. आमच्या वाडीत फोनला रेंज यायला टेकडीवर जावं लागतं. पहिलीत नाव घातलेली पोरं एकदम तिसरीला वर्गात बसली. त्यांना अक्षर ओळख नाही. ताई, हे कुणाच्या हिशोबात धरायचं?
(एक शिक्षक, पाटण तालुका)

उत्तर : गुरुजी, ह्या सगळ्या चर्चेत मला सगळ्यात जास्त जाळणारी गोष्ट तुम्ही लिहिली आहे.

तारखा एकाखाली एक ठेवते. दारूची दुकानं ४ मे २०२० पासून उघडायला लागली. हॉटेल आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला. देवळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला. नववी ते बारावी २३ नोव्हेंबरपासून, ती पण सगळीकडं नाही. पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ ला, आणि महिना-दोन महिन्यात परत बंद. आणि पहिली ते चौथी, तुमची पोरं? १ डिसेंबर २०२१. मार्च २०२० पासून मोजा, वीस महिने होतात. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला म्हणून परत बंद, २४ जानेवारीला परत चालू. बारमध्ये बसायला परवानगी मिळाल्यावर चौदा महिन्यांनी सहा वर्षांच्या पोराला वर्गात बसायला परवानगी मिळाली, ज्याला ह्या आजाराचा धोका सगळ्यात कमी होता.

डेन्मार्कनं लहान मुलांचे वर्ग १५ एप्रिल २०२० लाच उघडले होते, बाकं लांब लांब, खिडक्या उघड्या, बाहेर अंगणात. आपल्याकडं तर पाटणमधली निम्मी शाळा व्हरांड्यात आणि झाडाखालीच भरते, वीस-पंचवीस पट असतो, पुण्यातल्या एसी वर्गाशी तिची तुलना करायचं कारणच काय होतं?

घरात म्हातारी माणसं असतात, पोरं आजार घेऊन जातील ही भीती खोटी नव्हती. कोविड ड्युटीवर कितीतरी शिक्षक गेले, त्यांच्या घरच्यांना तर हे वाचताना त्रास होईल. पण पोरं शाळेत नव्हती म्हणून घरात कोंडलेली थोडीच होती, ती रानात, विहिरीवर, गल्लीत एकत्रच खेळत होती, ज्वारी काढायला एकत्रच जात होती. म्हणजे संसर्ग व्हायचा तो होतच होता, फक्त बाराखडी होत नव्हती.

'शाळा बंद पण शिक्षण आहे' अशी मोहीम काढली होती, तुम्हाला ठाऊकच आहे. ज्या घरात एक स्मार्टफोन आणि तो पण बापाच्या खिशात, त्या घरात शिक्षण कुठं होतं? प्रथम संस्थेच्या 'असर'च्या पाहणीत देशभरात तिसरीतली दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती ती २०२२ मध्ये २०.५ वर आली. दहा-बारा वर्षांत जे थोडं थोडं वर चढलं होतं ते घसरलं. आणि ह्या टक्क्यांत ती पोरगी येत नाही जिचं आठवी-नववीत असताना गुपचूप लग्न उरकलं, पंचवीस माणसांत, खर्च कमी म्हणून. तुमच्या तालुक्यात अशा किती त्या तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सांगाल.

मुंबईकरांबद्दल पण लिहायला पाहिजे. पाटण, जावळीतली अर्धी घरं मुंबईच्या माथाडीवर उभी आहेत, मस्जिद बंदर आणि वाशी मार्केटला पाठीवर पोती वाहून गावाकडं पैसे पाठवणारी माणसं ती. ती परत आली तेव्हा गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, रस्ता खणून ठेवला. हे काही सरकारी आदेशानं झालं नव्हतं, आपणच केलं. चौदा दिवस शाळेत ठेवणं बरोबर होतं, पण जेवणाचा डबा लांबनं सरकवून पळणं, बाईमाणसाला संडासची सोय नाही, हे कुठल्या नियमात होतं? तुम्ही त्या ड्युटीत जे निभावलं त्याबद्दल कुणी तुम्हाला साधं पत्र तरी दिलं का, मला माहीत नाही.

तिसरीत आलेल्या त्या पोरांना आता सातवी-आठवीत वाचायला शिकवणं म्हणजे उपकार नाहीत, ते देणं आहे सरकारचं. तुमच्या केंद्रप्रमुखांकडं लेखी मागणी करा की त्या बॅचची वेगळी वाचन चाचणी घ्या. मागणी नाकारली तर नकार पण लेखी मागा आणि मला पाठवा, आपण छापू.

प्रश्न : मी कराडला लॉ करतोय. सगळे म्हणतात निर्बंध जास्त झाले, पण 'जास्त' हे कोर्ट कसं ठरवतं? आणि कोर्टांनी तेव्हा काही केलं का?
(लॉचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : तू अभ्यासच करतोयस म्हणून थेट सांगते. मॉडर्न डेंटल कॉलेजचा २०१६ चा निकाल आणि प्रायव्हसीचा पुट्टस्वामी निकाल, २४ ऑगस्ट २०१७, हे सुप्रीम कोर्टाचे दोन वाच. त्यातनं कसोटी निघते ती साध्या भाषेत अशी, की सरकारचा हेतू योग्य आहे का, उपायाचा त्या हेतूशी खरंच संबंध आहे का, त्याच्यापेक्षा कमी जाच होणारा दुसरा उपाय होता का, आणि शेवटी झालेला फायदा झालेल्या नुकसानाच्या मानानं आहे का. तिसऱ्या प्रश्नावर आपले बहुतेक आदेश अडखळतात. ७ ते ११ वाला नियम ह्या कसोटीला लावून बघ, दुसऱ्याच प्रश्नावर पडतो.

कोर्टांनी सुरुवातीला फार हात घातला नाही, आणीबाणीच्या वेळी असं होतंच. पण काही निकाल महत्त्वाचे आहेत. १ ऑक्टोबर २०२० चा गुजरात मजदूर सभेचा निकाल, कोरोनाचं कारण सांगून कारखान्यांना ओव्हरटाइमच्या नियमातनं सूट दिली होती ती सुप्रीम कोर्टानं रद्द केली. ३० जून २०२१ ला मृतांच्या कुटुंबांना मदत देणं हे आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं बंधनकारक आहे असं सांगितलं, ते ५० हजार त्यातनं आले. आणि २ मे २०२२ चा जेकब पुलियेल निकाल, लस जबरदस्तीनं देता येत नाही, आणि लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेले निर्बंध तेव्हाच्या परिस्थितीत प्रमाणात नाहीत. लसीकरणाचं धोरण कोर्टानं योग्यच ठरवलं होतं, हे लोक सांगताना गाळतात, तू गाळू नकोस.

मूळ दुखणं कायद्यात आहे. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी घाईत केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्यात सरकारला काय करता येईल ते आहे आणि अधिकाऱ्यांना संरक्षण आहे, पण मुदत किती, कारण लेखी द्यायचं का, भरपाई कोण देणार, ह्यातलं काही नाही. पुण्यात रँडच्या सोल्जरांनी घरात घुसून जे केलं ते ह्याच कायद्याच्या जोरावर, आणि सव्वाशे वर्षांनी आपण तोच बाहेर काढला. प्रत्येक आदेशाला ठरलेली मुदत, मुदतवाढीला विधिमंडळाची मंजुरी, आणि आकडे लोकांसमोर, एवढं तरी नवीन कायद्यात यायला पाहिजे. तुझ्या प्रोजेक्टचा विषय अजून ठरला नसेल तर हा घे.

प्रश्न : स्वीडननं लॉकडाऊन न करता निभावलं ना? मग आपण पण करायला नको होता.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : अर्धं खरं. स्वीडननं सक्तीनं घरात बसवलं नाही, लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या, पण ५० पेक्षा जास्त लोकांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, मोठ्या वर्गांना ऑनलाइन केलं, लोक स्वतःहून घरी थांबले. पहिल्या लाटेत त्यांच्या वृद्धाश्रमांत खूप माणसं गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्याच आयोगानं सांगितलं की सक्तीऐवजी सल्ल्याचा मार्ग मुळात बरोबर होता, पण सुरुवातीचे उपाय फार कमी आणि फार उशिरा झाले. ब्रिटनच्या चौकशीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये उलट्या बाजूनं जवळजवळ तेच म्हटलं, लॉकडाऊन आठवडाभर आधी केला असता तर इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेत २३ हजार माणसं वाचली असती आणि त्याच्याही आधी साधे उपाय नेटानं केले असते तर लॉकडाऊन कदाचित लागलाच नसता.

पण स्टॉकहोमला एकट्या माणसाची घरं कितीतरी, घरून काम करणारे कितीतरी, आजारी पडलं तर पगार चालू. साताऱ्यात माचीवरच्या दोन खोल्यांत सहा माणसं. त्यांचं आपल्याला लागू करताना जपून. आणि आपली तुलना करायची तर मृत्यूचा आकडा तरी पक्का पाहिजे, तो पण नाही. २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, सरकारी आकडा तेव्हा पावणेपाच लाखांच्या आसपास, आणि सरकारनं तो अंदाज मान्य केला नाही. संसदेच्या आरोग्य समितीनं नोव्हेंबर २०२० मध्ये एक अहवाल दिला होता पण दुसरी लाट तर तेव्हा यायचीच होती. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदी आहेत, पॉझिटिव्हिटीचे रोजचे तक्ते आहेत, प्रत्येक आदेशाची तारीख आहे. जिल्ह्यापुरतं सगळं एकत्र मांडायला एखाद्या विद्यापीठाला एक वर्ष पुरेल, कुणीतरी हे अंगावर घ्यायला पाहिजे.

प्रश्न : २०२० मध्ये आईची बीपीची गोळी आणायला बाहेर पडलो, नाक्यावर धरलं, उठाबशा काढायला लावल्या आणि वर १८८ कलमाखाली केस टाकली. आता दुबईला नोकरी लागतेय, पासपोर्टला अडचण येईल का?
(एक वाचक, कवठेमहांकाळ)

उत्तर : दादा, आधी हे, की उठाबशा काढायला लावणं ही शिक्षा कुठल्याच कायद्यात नव्हती, तेव्हाही नव्हती. आणि औषध आणायला बाहेर पडणं हा गुन्हाही नव्हता, औषधांना पहिल्या दिवसापासून सूट होती.

केसचं म्हणाल तर लॉकडाऊनमधल्या १८८ च्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या, केसेस मागे घ्यायचा निर्णय राज्य सरकारनं २०२२ मध्ये जाहीर केला. पण जाहीर झालं म्हणजे तुमची केस आपोआप निघाली असं धरून बसू नका, सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज करायचा असतो आणि कोर्टानं परवानगी द्यायची असते, ते राहून गेलेली माणसं अजून भेटतात. ई-कोर्ट्सच्या साइटवर तालुक्याचं कोर्ट निवडून नावानं शोधा, केस नंबर आणि स्टेटस दिसेल. 'डिस्पोज्ड' दिसत असेल तर कोर्टातनं आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढा. 'पेंडिंग' असेल तर सरकारी वकिलांना भेटून अर्ज झालाय का विचारा, ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं फुकट वकील मिळतो. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये केसबद्दल विचारलं असेल तिथं लपवू नका, लपवलेलं व्हेरिफिकेशनला निघतं आणि मग खरी अडचण होते. त्या कॉपीच्या दोन झेरॉक्स करून ठेवा, एक पोलिस ठाण्यात लागेल.